आभाळाकडचं टोक

मार्चमधल्या एका शनिवारी आम्ही दोघांनी तो बाक उचलून शेजारच्या आजींच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. पेकनच्या, म्हणजे अक्रोडाच्या कुळातल्या एका झाडाच्या, लाकडाचा, पाच फुटी, वर दोन रुंद फळ्या जोडलेल्या, खाली दोन जाड पाय. वजन इतकं की दारातून आत नेईपर्यंत नवऱ्याला तो दोनदा खाली टेकवावा लागला. आजी ब्याऐंशीच्या आहेत. त्यांनी आधी चष्मा पुसला, मग बाकाच्या कडेवरून बोटं फिरवली, मग मधोमध तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला, तान्ह्या बाळाच्या टाळूवर ठेवावा तसा. सुंदर झालाय म्हणाल्या. नंतर बाकाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे आणि परत इकडे बघत त्यांनी विचारलं, "मीहा, यातलं आभाळाकडचं टोक कुठलं गं?"

मला सांगता आलं नाही.

मीहा म्हणजे आपल्याकडचं ‘पोरी’. सॅन अँटोनियोच्या आमच्या गल्लीत निम्म्या घरांत स्पॅनिश बोलतात, आणि आजी मला पहिल्या दिवसापासून याच नावाने हाक मारतात. त्यांनी अगदी सहज विचारलं होतं. मी ‘सगळ्या फळ्या मिसळून गेल्यात’ असं काहीतरी पुटपुटले, त्यांनी कॉफी केली, आम्ही प्यायलो, घरी आलो. पण हात धुताना, नखांत बसलेलं मेण काढताना तोच प्रश्न डोक्यात फिरत राहिला. दोन वर्षांहून जास्त काळ ते लाकूड माझ्या हाताखाली होतं. कुठे गाठ आहे, कुठली फळी कुठल्या बाजूला वाकते, रंधा कुठून चालवला की तंतू उचकटतात, सगळं हाताला पाठ झालेलं. आणि ज्या बाईच्या अंगणात ते झाड आयुष्यभर उभं होतं, तिला जी एकच गोष्ट हवी होती, ती मी बघितलीच नव्हती.

झाड आमच्या दोन अंगणांमधल्या कुंपणाला लागून होतं, त्यांच्या बाजूला. टेक्सासचा हा राज्यवृक्ष, १९१९ पासूनचा. जिम हॉग नावाचे इथले एक गव्हर्नर १९०६ साली वारले. माझ्या थडग्यावर दगड नको, उशाशी पेकन लावा आणि त्याची फळं साध्यासुध्या लोकांना पेरायला वाटा, असं ते सांगून गेले होते. नावाच्या उच्चारावरून इथे घरोघरी मतं आहेत, कुणी ‘पीकॅन’ म्हणतं, कुणी ‘पिकान’. आजी दोन्ही म्हणत नाहीत. त्यांच्या तोंडी झाड म्हणजे ‘नोगाल’ आणि फळ म्हणजे ‘नुएस’. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ती फळं आमच्या गॅरेजच्या पत्र्यावर पडत, रात्रभर टक्, टक्, मधेच एकदम सात-आठ. आपल्या आंब्यासारखंच याचंही एक वर्षाआड असतं. बहराच्या वर्षी आजी बादल्या भरभरून वाटायच्या, पुढच्या वर्षी मूठभर मिळाले तरी पुष्कळ.

असंच एक बहराचं वर्ष होतं. ऑगस्टचा शेवट, फळं भरत आलेली, वाऱ्याचा मागमूस नाही. रात्री दीडच्या सुमारास असा आवाज झाला की मला ट्रक घरावर आला असं वाटलं. पेकनची लांब फांदी अशीच जाते, भर उन्हाळ्यात, स्वतःच्या फळांच्या ओझ्याने. सकाळी दोन्ही अंगणांत हिरव्या कोवळ्या फळांचा सडा होता. झाडं कापणारा माणूस आला, त्याने बुंध्यात लोखंडी सळई खुपसली, ती हातभर आत गेली. पोकळ. आजींचं घर दहा फुटांवर, त्यामुळे पुढे बोलण्यासारखं काही उरलं नाही. पोकळी मात्र माणसाच्या उंचीवर संपत होती. तिच्यावरचा सात फुटांचा ओंडका धड होता. तो मी मागितला. त्यांनी लगेच हो म्हटलं नाही. तीन दिवसांनी कुंपणापाशी आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "घे. पण जाळू नकोस."

इथल्या माणसाला या वाक्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. पेकनचं लाकूड म्हणजे इथे बहुतेकांच्या लेखी मांस धुरावण्याचं सरपण. गोडसर वास असतो त्या धुराला. पण आजींच्या मनात त्याहून जुनं काही होतं, ते मला पुढे कळलं. १९३८ साली त्यांची आई याच शहराच्या पश्चिम भागात पेकन सोलायला जात असे. कोंदट शेड, बाकांवर दाटीवाटीने बसलेल्या बाया, हवेत टरफलांची तपकिरी धूळ, क्षयाची कायमची धास्ती आणि मजुरी पौंडावर, तीही अवघी सहा-सात सेंट. ती आणखी कमी केली तेव्हा ३१ जानेवारीला सोलणाऱ्यांनी काम टाकलं. सुमारे बारा हजार माणसं, त्यांत बायाच जास्त. पुढे होती एमा तेनायुका नावाची एकवीस वर्षांची मुलगी. शेकडो जणांना तुरुंगात टाकलं. शेवटी मजुरी थोडी वाढली. पण त्याच वर्षी तासाला किमान पंचवीस सेंट देण्याचा कायदा झाला, आणि मालकांनी यंत्रं आणली. हजारोंचं काम गेलं, त्यांत आजींच्या आईचंही. पुढे हे घर घेतलं तेव्हा तिने एक फळ आणून कुंपणापाशी पुरलं. का, ते आजींनी कधी विचारलं नाही. त्या म्हणतात, आईची बोटं मरेपर्यंत तपकिरी होती.

ओंडक्याच्या वरच्या तोंडावर मी कडी मोजायला बसले. साठाच्या पुढे चुकले. पुन्हा मोजलं, पुन्हा तिथेच चुकले.

लाकडाशी माझी ओळख आजोळची. मावळातलं गाव, आणि वाड्यामागे सुतारआजांचं छप्पर. पोरींनी हत्याराला हात लावायचा नाही असं तिथे कुणी म्हटलं नव्हतं, तशी वेळच कधी आली नाही. मी फक्त बसून बघायचे. वाकस चालायचा, ढलप्या उडायच्या, सागाचा तो कडवट तेलकट वास, आणि आजांच्या तोंडात काडी. कुऱ्हाडीला दांडा घालायचा तर ते धावड्याचाच घालायचे. साग त्या कामाला चालत नाही म्हणायचे, साग दिसायला राजा, पण घाव सोसायचा तर धावडा. दांडा बसवला की त्याचं टोक जमिनीवर आपटून तो कान देऊन ऐकायचे. इथे आल्यावर पहिल्यांदा हातोडी विकत घेतली, तिच्या दांड्यावर ‘हिकरी’ लिहिलेलं होतं, आणि तळहाताला मला धावडाच आठवला. हिकरी ही पेकनची सख्खी भावंडं. शॅगबार्क, मॉकरनट, पिगनट अशी सगळी मंडळी एकाच कुळातली, आणि फळ्या होऊन दुकानात आली की त्यांच्यातला भेद बहुतेक वेळा कुणी करतही नाही, एकाच थप्पीत ‘हिकरी-पेकन’ म्हणून विकतात. या देशातली जंगलं ज्या कुऱ्हाडींनी तुटली त्यांचे दांडे हिकरीचे, आणि त्या कुऱ्हाडींखाली हिकरीसुद्धा तुटली. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण आजोळी भांडणांत ऐकलेली. दुकानात ती हातोडी हातात घेऊन उभी असताना ती मला आठवली आणि क्षणभर कसंसंच झालं.

हिकरी हा शब्दही खायच्या गोष्टीतूनच आलाय. व्हर्जिनियाकडचे मूळ रहिवासी ही फळं टरफलांसकट कुटून पाण्यात घालून दूध काढत, आपण नारळाचं काढतो तसं. त्या दुधाचं नाव होतं ‘पॉकोहिकोरा’. आणि पेकन म्हणजे जे फोडायला दगड लागतो ते. फळाबद्दलचा हा शब्द लाकडालाही लागू पडतो, हे मला पहिल्या दिवशीच कळलं.

कडकपणा मोजायची एक रीत आहे, पोलादाची गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती जोर लागतो ते बघायचं. सागाला हजार-अकराशे पौंड लागतात, पेकनला १,८२०. आकडा वाचताना काही वाटत नाही. खोबण पाडायला पटाशी लावली आणि मोगरी हाणली की वाटतं. सागात पटाशी शिरते, इथे ती आधी उडते. दर वीस मिनिटांनी पातं दगडावर घासायला लागायचं, रंधा जरा बोथट झाला की गुळगुळीत होण्याऐवजी लाकडाचे लचके निघायचे. आधी भोक न पाडता स्क्रू घातला तर त्याची मान तुटून धड आत राहतं, तसे तीन मी आत सोडले, एक अजूनही आहे. पण पात्याला खरी धार असेल आणि दिशा बरोबर असेल, तर रंध्याच्या तोंडातून जी लांब अखंड सालपट निघते ती कागदासारखी असते, आणि मागे राहिलेल्या फळीवर काचकागद लावायची गरज उरत नाही, थंड रेशमासारखी लागते. त्या एका सालपटीसाठी मी तास तास घालवलेत.

रंगाने मात्र पेकनइतकं दुभंगलेलं लाकूड मी दुसरं पाहिलं नाही. बाहेरचा थर सायीसारखा पांढरा, गाभा लालसर तपकिरी, आणि दोन्ही एकाच फळीत शेजारी शेजारी, मधे सरळ रेघ. दांडे करणारे पूर्वी पांढऱ्याला जास्त पैसे द्यायचे, लालाला कमी लेखायचे. सरकारी प्रयोगशाळेने ताणून-मोडून बघितलं तेव्हा वजन सारखं असेल तर दोन्ही सारखेच बळकट निघाले. तरी डोळा पांढऱ्यावरच जातो. माझाही गेला, आणि तिथेच मी मार खाल्ला.

ट्रेलरवर करवत घेऊन फिरणाऱ्या एका माणसाकडून ओंडका चिरून घेतला. नऊ फळ्या निघाल्या. मधे चिपा घालून थप्पी रचली, तोंडांना मेण फासलं, वर पत्रा टाकला आणि वाट बघायला लागले. इंच जाडीला एक वर्ष, असा अंदाज असतो. हे लाकूड सुकताना फार आक्रसतं. कड्यांच्या अंगाने जवळजवळ नऊ टक्के, आणि साग सहाच्याही आत. म्हणून आडव्या फळ्या पायांना घट्ट बांधायच्या नाहीत, सरकायला जागा ठेवायची, नाहीतर हिवाळ्यात हीटर लागला की रात्री बंदुकीसारखा आवाज करून चीर पडते. हे सगळं वाचलेलं, पाळलेलं. राहिलं ते एकच. ओल्या फळ्यांवर कीड लागू नये म्हणून बोरॅक्सचं पाणी मारायचं राहिलं. पुढच्या एप्रिलमध्ये चिपांवर पिवळट पुडीचे छोटे छोटे ढीग दिसले. बोटावर घेऊन चोळली तर मैद्यासारखी. पांढऱ्या थरातलं पिष्ट खाणारा बारीक भुंगा असतो, तो लाकडाच्या उघड्या छिद्रांत अंडी घालतो, अळ्या आतल्या आत वर्षभर पोखरतात, आणि आपल्याला दिसते ती टाचणीच्या डोक्याएवढी भोकं म्हणजे मुक्काम संपवून बाहेर पडल्याची खूण. मी फळी उचलून कोपरा दाबला, तो बिस्किटासारखा चुरला.

बाहेरच्या चार फळ्या गेल्या. सगळ्यांत पांढऱ्या, सगळ्यांत देखण्या. उरलेल्या पाच मी दुसऱ्याच दिवशी गरम भट्टीत तापवून आणल्या, म्हणून वाचल्या. पण या चारांचं काय करायचं? कचऱ्यात टाकल्या तर किडा दुसरीकडे जाणार, ठेवल्या तर घरातलं बाकी लाकूड जाणार. जाळण्याशिवाय मार्ग नव्हता. मी आजींना सांगितलं नाही. एका संध्याकाळी, त्या चर्चला गेल्यात असं बघून, मागच्या अंगणातल्या शेगडीत चारी फळ्या तुकडे करून जाळल्या. धूर गोड होता. दाट, गूळ करपल्यासारखा, आणि वारा नसल्यामुळे कुंपणापाशीच घुटमळत राहिला. मी शेवटच्या निखाऱ्यापर्यंत उभी होते. दुसऱ्या दिवशी आजी भेटल्या, हवेबद्दल बोललो, गुडघ्याबद्दल बोललो. तेव्हापासून त्या बाकावर जितकं काम केलं त्यात थोडी नुकसानभरपाई होती, हे मला आता कबूल करायला हवं.

त्यांना बाक अंगणात हवा होता, झाड होतं तिथेच. मला नाही म्हणावं लागलं. पेकनला पावसात ठेवलं तर चार-पाच वर्षांत कुजतं, सागाचा तो गुण यात नाही. आठ दिवस त्या नाराज होत्या. मग म्हणाल्या, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली ठेव, तिथून जागा दिसते.

तर, आभाळाकडचं टोक.

सुतारआजा ही गोष्ट कधी चुकायचे नाहीत. घराचा खांब उभा करायचा तर बुंध्याकडची बाजू खाली, शेंड्याकडची वर, झाड जसं वाढलं तसंच. उलटा खांब घराला लाभत नाही म्हणायचे. ओंडके अंगणात पडलेले असत, साल काढलेले, दोन्हीकडून सारखे तासलेले, तरी ते नुसते एक फेरी मारून सांगायचे. कसं कळतं ते मी कधी विचारलं नाही. सहा-सात वर्षांच्या मुलीला मोठ्या माणसांना सगळं येतं यात विचारण्यासारखं काही वाटत नाही.

त्या शनिवारनंतरचे तीन दिवस मी रात्री गॅरेजमध्ये जाऊन उरलेल्या फळीसमोर बसत होते. तिसऱ्या रात्री फळी उभी करून दिवा तिरका धरला. फळीवर जे कमानीसारखे, डोंगरासारखे पट्टे दिसतात ते इतकी वर्षं मी नुसते ‘छान दिसतात’ म्हणून निवडत आले होते. त्या फळीत एक गाठ होती. गाठ म्हणजे फांदीचा मुळारंभ, आणि फांदी निघते ती तिरपी, वर जाणारी. तिचा तिरपेपणा ज्या बाजूला, ते वर. आणि त्याच बाजूला सगळ्या डोंगरांची शिखरं होती, एकूण एक. मग कळलं, असंच असायला हवं. झाड दरवर्षी अंगावर एक नवी टोपी चढवतं, खाली रुंद, वर निमुळती. भेळेचे कागदी कोन उपडे करून एकावर एक घातले आणि कडेने उभे कापले तर कापलेल्या बाजूवर काय दिसेल, तेच. आजा ओंडक्याभोवती फिरताना गाठींच्या खुणाच बघत असणार. इतकी साधी गोष्ट. माझ्या डोळ्यांसमोर होती, रोज तिच्यावरून हात फिरवत होते.

रविवारी सकाळी पेन्सिल घेऊन शेजारी गेले. आजींना सांगितलं, बाक आडवा करायचाय. त्यांच्या नातवाने मदत केली, खाली गोधडी घातली, बाक कुशीवर पडला. मी गुडघ्यांवर बसले, आजींनी खुर्ची ओढून टॉर्च धरला. पहिल्या फळीचे डोंगर स्पष्ट होते, शिखरं खिडकीकडे. मी तळाला बाण काढला. दुसरी फळी बघितली आणि हात थांबला. तिची शिखरं दाराकडे होती. आठवलं, जोडताना पांढरी किनार दोन्ही बाजूंना सारखी यावी म्हणून मी तिला उलटी फिरवली होती. पाच मिनिटांचा निर्णय. एक फळी उभी होती, शेजारची डोक्यावर, आणि सरसाने ती दोन्ही कायमची एक झालेली.

मी दुसरा बाण दाराकडे काढला आणि ते तसंच त्यांना सांगितलं. रंग जुळावा म्हणून केलं, दिशा बघितली नाही, आता सुटणार नाही. त्या काही बोलल्या नाहीत. टॉर्चचा उजेड एका बाणावरून दुसऱ्यावर गेला, परत आला. मग मला राहवलं नाही आणि मी फळ्यांचंही सांगून टाकलं, किडीचं, चार फळ्यांचं, शेगडीचं, त्या चर्चला गेलेल्या संध्याकाळचं.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "मी गेलेच नव्हते त्या दिवशी. गुडघा दुखत होता. खिडकी उघडी होती."

नातू दाराशी उभा होता, त्याने आमच्याकडे पाहिलं आणि बाहेर गेला. आजी पुढे वाकल्या, टॉर्च अगदी जवळ आणला, चष्मा नाकावर सरकवला.

"हा दाराकडचा पुसट आलाय," त्या म्हणाल्या. "पुन्हा गिरव."